प्रेक्षक कोणाच्या बाजूनं बसतो: दोन अंकी प्रेमविनोदी नाटकाच्या प्रकल्प नोंदी

२ मे: आराखडा

एक सेट, दोन अंक, सात नट. जागा डोंबिवलीतलं वधूवर सूचक केंद्र. केंद्र मावशीचं, टेबलावर बसते तिची भाची सुमेधा, वय ३७. चष्म्याचं दुकान चालवणारा अनिरुद्ध (४१) आपल्या विधुर वडिलांचं, म्हणजे अप्पांचं (६८), नाव नोंदवायला येतो. सुमेधा समजते की स्थळ मुलाचंच आहे आणि तो तिचा समज दुरुस्त करत नाही. तिसरा कोन विद्याधर (४३), मावशीनं सुमेधासाठी आणलेलं स्थळ. शिवाय शिपाई गोविंदकाका. येणारे-जाणारे सगळे उमेदवार आणि त्यांचे नातेवाईक एकच नट करणार.

पहिला खर्डा ८२ पानं. या टायपिंगात पानाला साधारण दीड मिनिट पडतं. पहिला अंक ४४ पानं म्हणजे ६६ मिनिटं, दुसरा ३८ पानं म्हणजे ५७. मध्यंतर धरून सव्वादोन तासांच्या थोडं पुढे, म्हणजे लांबीची अडचण नाही.

ज्यांना असंच नाटक लिहायचंय त्यांनी एक काम आधी करावं. संहितेच्या समासात दोन रकाने आखावेत. एकात हशा कुठे अपेक्षित आहे ते, दुसऱ्यात ‘याचं भलं व्हावं’ असं प्रेक्षकाला कुठे वाटायला लागेल ते. हसू आणि आपुलकी यांचे हिशेब वेगळे असतात, आणि विनोदी नाटक लिहिताना दुसरा हिशेब कोणी ठेवतच नाही. आमच्या खर्ड्यात पहिला रकाना गच्च भरला. दुसऱ्यात पान ३१ पर्यंत काही नव्हतं. म्हणजे पाऊण तास प्रेक्षक नुसता हसणार आणि त्याला कोणाचंच काही पडलेलं नसणार.

९ मे: पहिलं वाचन

शाळेचा वर्ग भाड्यानं, संध्याकाळी सहा ते साडेनऊ. श्रोते १२. त्यांत निम्म्याहून जास्त नाटकाशी संबंध नसलेले हवेत. नाटकवाले तंत्र ऐकतात, माणसं ऐकत नाहीत.

दोघांच्या हातात संहितेची प्रत दिली, फक्त खुणा करायला: हशा झाला तर अधिक चिन्ह, अपेक्षित जागी झाला नाही तर शून्य, आणि कोणी ‘अरेरे’, ‘च्च’ असा आवाज केला किंवा पुढे सरकून बसलं तर ‘ह’. मध्यंतरात प्रत्येकाला चिठ्ठी दिली, प्रश्न एकच: आत्ता तुम्हाला कोणाची काळजी वाटते? ‘नाटक कसं वाटलं’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात.

पहिल्या नऊ पानांत सुमेधाच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला अधिक. पान ३१ वर विद्याधरकडून निरोप येत नाही आणि ती टेबल आवरत राहते, तिथे एकही ‘ह’ नाही. चिठ्ठ्यांवर बहुतेकांनी अप्पांचं नाव लिहिलं, काहींनी ‘कोणाची नाही’. नायक-नायिकेचं नाव कुठेच नाही. हशा भरपूर मिळूनही नाटक मधोमध रिकामं होतं.

१२ मे: सुमेधाचे टोमणे

तिचे टोमणे मोजले, ११ निघाले. त्यांतले बहुतेक समोर फॉर्म भरायला बसलेल्या उमेदवारावर होते: टक्कल पडलेला, तिसऱ्यांदा आलेला, पगार कमी असलेला. प्रेक्षक हसतो, कारण वाक्य चांगलं आहे. पण त्याच वेळी मनात नोंद करतो की ही बाई पडलेल्याला लाथ मारते. ती नोंद पुढे पुसत नाही. पान ३१ वर तिच्यावर वेळ आली तेव्हा समोरच्यांना ती वेळ न्याय्य वाटली असणार.

दुरुस्तीत तिची धार कमी केली नाही. तिखट नायिका गोड केली की पात्र मरतं. टोमण्याची दिशा बदलली. ११ पैकी ४ वरमाईकडे वळवले. मुलाची आई येते आणि गोरी, उंच, नोकरी करणारी पण संध्याकाळी पाचला घरात असणारी सून मागते. तिच्याकडे मुलाचं वय, पगार, फ्लॅट, सगळं ठासून आहे, त्यामुळे तिला बोललेलं खटकत नाही. २ टोमणे सुमेधानं स्वतःवर आणि केंद्रावर घेतले, ३ काढले, २ तसेच ठेवले. टक्कल असलेल्या उमेदवाराचा प्रवेश उलटा केला. तो फोटोसाठी टोपी घालून बसतो, ती ती काढायला सांगते आणि म्हणते, “लग्नानंतर आंघोळीलाही घालणार आहात का? आत्ताच काढा. जिला चालायचं तिला चालेल.” वाक्याची धार तीच आहे, आता ते त्याच्या बाजूचं झालं.

तिखट बाईला प्रेक्षकाच्या जवळ कसं आणायचं याचा सगळ्यात स्वच्छ नमुना शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये आहे, तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात. बिअ‍ॅट्रिस लपून ऐकते आणि हीरो नावाची तिची बहीण अर्सुलापाशी तिच्या गर्वाबद्दल बोलते. तोवर जिनं एकालाही उत्तराशिवाय सोडलं नाही, ती एकटी राहिल्यावर दहा ओळींचं स्वगत बोलते आणि त्यात कोणावरही टोमणा नाही. आपल्याबद्दल बोललेलं ती खरं धरते. इतक्या लहान जागेत प्रेक्षक पूर्ण तिचा होतो, कारण ज्या हत्यारानं ती स्वतःला वाचवत होती ते तिनं खाली ठेवलेलं त्याला दिसतं. हे अगोदर हत्यार चालवून दाखवल्याशिवाय जमत नाही. म्हणूनच पहिल्या नऊ पानांतला तिखटपणा ठेवला.

१६ मे: पेन्सिल

पान २४ वर सुमेधाचं स्वगत होतं, दीड पान. दुसऱ्यांची लग्नं जमवता जमवता आपलं राहिलं, असा आशय. वाचनात तिथे खुर्च्या वाजल्या. पात्र स्वतःची कीव करायला लागलं की प्रेक्षकाला करण्यासारखं काही उरत नाही. स्वगत पूर्ण काढलं.

त्याजागी एक कृती. केंद्रात लाकडी खणांत उमेदवारांची कार्डं असतात, फोटो टाचलेली. संध्याकाळी सगळे गेल्यावर सुमेधा खालच्या खणातून एक कार्ड काढते. ते तिचंच. नाव, शिक्षण, उंची शाईनं लिहिलेलं, वय तेवढं पेन्सिलीनं. ती वय खोडते, नवं लिहिते, कार्डावरचा चुरा फुंकते, खण लावते. पर्स उचलून दिवा घालवते. संवाद नाही. अर्ध्या मिनिटाचं काम.

ही जागा पान २४ वरून पान ८ वर आणली. वरमाईच्या धमाल प्रवेशाला लागूनच, हशा अजून हवेत असताना. आपुलकीचा क्षण नाटकात उशिरा ठेवायची सवय असते, कारण तो ‘गंभीर’ वाटतो. पण तो पहिल्या बारा मिनिटांत पडला तर त्यानंतरचा प्रत्येक टोमणा प्रेक्षक वेगळ्या कानानं ऐकतो.

२१ मे: अनिरुद्धचं खोटं

सगळ्यात अवघड भाग. पहिल्या खर्ड्यात सुमेधाचा गैरसमज होतो, अनिरुद्धला ती आवडते, म्हणून तो गप्प बसतो. वाचनात तो बोलायला लागला की बायका हाताची घडी घालून बसत होत्या. कारण उघड आहे. खोट्याचा फायदा त्यालाच मिळतो, किंमत तिनं मोजायची आणि तिला पत्ताही नाही. असा माणूस कितीही गोड बोलला तरी लबाडच.

तीन बदल केले.

खोटं आता तो सुरू करत नाही. टेबलाशी बसल्यावर सुमेधा विचारते, “कोणाचं नाव नोंदवायचं?” अप्पा मागे उभ्या वरमाईकडे बघतात, कानापर्यंत लाल होतात आणि म्हणतात, “ह्याचं. ह्याचंच नोंदवायचंय.” अनिरुद्ध वडिलांकडे बघतो आणि पेन उचलतो. चारचौघांत बापाला तोंडघशी पाडायचं नाही, एवढंच त्या क्षणी त्याच्या मनात आहे. हे न बोलता कळतं.

दुसरा बदल: त्याला हातातलं काम दिलं. अप्पांचं ठरेपर्यंत तो बाकावर बसलाय. गोविंदकाकांच्या चष्म्याची काडी लोंबतेय, दोऱ्यानं बांधलेली. अनिरुद्ध खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढतो, दोरा सोडवतो, स्क्रू बसवतो, काच रुमालानं पुसून चष्मा परत देतो. या वेळात तो बोलतोय भलत्याच विषयावर. एखादा माणूस आपलं काम नीट करताना दिसला की प्रेक्षक त्याला अर्धं माफ करतो. मात्र हे कोणाचं लक्ष नसताना व्हायला हवं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सुमेधा बघून हसते असं होतं आणि सगळं ‘इंप्रेशन’ मारल्यासारखं झालं. आता ती फोनवर आहे, तिची पाठ आहे, दिसतं ते फक्त प्रेक्षकाला.

तिसरा बदल सगळ्यात मोठा: खरं सांगण्याला किंमत लावली. अप्पांचं आणि मावशीचं जमायला लागतं. आत्ता खरं बाहेर आलं तर पहिल्याच दिवशी खोटं बोललेला माणूस म्हणून अप्पा मावशीच्या नजरेतून उतरणार. पहिल्या अंकाचा शेवट यावर उभा केला. आतल्या खोलीतून अप्पांचा मोठ्यानं हसण्याचा आवाज येतो. बायको गेल्यापासून ते हसलेले नाहीत, हे पान १४ वर पेरून ठेवलंय. बाहेर सुमेधा सरळ विचारते, “तुम्हाला लग्न करायचंय ना नक्की?” अनिरुद्ध आतल्या दाराकडे बघतो, मग तिच्याकडे. “हो.” पडदा.

इथे त्याला कोणी अडवलेलं नाही. फोन वाजत नाही, दार ठोठावलं जात नाही. पहिल्या खर्ड्यात तो तीनदा सांगायला जातो आणि तिन्ही वेळा काहीतरी आडवं येतं. तशानं पात्र निर्दोष राहतं पण पोकळ होतं. एकदा तरी रस्ता मोकळा असताना त्यानं गप्प बसायला हवं, आणि का बसला ते प्रेक्षकाला कळायला हवं.

२८ मे: दुसरं वाचन, आणि गुपित कधी फोडायचं

खर्ड्यात आणखी एक हौस होती: स्थळ खरं अप्पांचं आहे हे प्रेक्षकालाही मध्यंतरापर्यंत सांगायचं नाही, मग धक्का. २१ मेच्या बदलांमुळे ते आपोआप पान ११ वर उघड झालं. तरी धक्क्याची आवृत्तीही वाचून घेतली, तुलनेसाठी तोच प्रवेश दोन गटांपुढे.

धक्क्याच्या आवृत्तीत मोठा हशा मिळतो, एकदाच. त्याआधीचे सगळे प्रवेश वाया जातात, कारण अनिरुद्ध अडखळतो ते प्रेक्षकाला नुसतं अडखळणं वाटतं. आधी सांगितलं तर ‘अपेक्षा’ हा रकाना भरताना सुमेधा विचारते “बायको कशी हवी?” आणि तो चाचरत “गुडघ्यांचा त्रास नसलेली” म्हणतो, तिथे घर डोक्यावर घेतात. त्याच हसण्यात त्याची धडपडही पोचते. आणि सुमेधा प्रामाणिकपणे ‘गुडघे’ असं लिहून घेते तेव्हा तिच्याबद्दल धास्ती वाटते. नायिकेपेक्षा प्रेक्षकाला एक गोष्ट जास्त ठाऊक असली की तो तिची काळजी घ्यायला लागतो.

चिठ्ठ्यांवर या खेपेला सुमेधाचं नाव सगळ्यात जास्त, खालोखाल अनिरुद्ध. दोघांनी ‘त्या काकांची’ असं लिहिलं. गोविंदकाकांना तिसऱ्या प्रवेशात एक वाक्य वाढवून दिलं.

४ जून: दोन वाक्यांत मिटणारा गैरसमज

दुसऱ्या अंकात सुमेधा अनिरुद्धला कोणा बाईबरोबर बघते आणि बोलणं टाकते. ती त्याची वहिनी असते. हे पूर्ण काढलं. कसोटी सोपी आहे: ‘विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?’ उत्तर ‘काही नाही’ असेल तर प्रेक्षक दोघांवरही वैतागतो, आणि वैताग आला की आपुलकी परत आणायला निदान एक प्रवेश खर्ची पडतो.

देवलांचं ‘संशयकल्लोळ’ (१९१६) इथे पुन्हा वाचण्यासारखं आहे. तिथे नुसत्या तसबिरीवर घोटाळा टिकत नाही. फाल्गुनरावाला खुलासा दिला तर तो त्यातूनच नवा संशय काढतो. स्वभाव असा बांधलाय की विचारूनही मिटत नाही, म्हणून ‘विचारत का नाही’ हा प्रश्नच उठत नाही. आणि फाल्गुनराव-कृत्तिका दोघंही संशयी असल्यानं एकाला दुष्ट आणि दुसऱ्याला बिचारं ठरवावं लागत नाही. गैरसमज लिहायचाच असेल तर तो पात्राच्या खोडीत रोवावा.

११ जून: विद्याधर

खर्ड्यात तो चिक्कू होता. हॉटेलात बिल निम्मं करणारा, बडीशेप खिशात घालणारा. हशा हमखास. पण सुमेधा अशा माणसाचा विचार करते म्हणजे हिला अक्कल नाही, असा अर्थ निघतो. नायकाला उंच दाखवायला दुसऱ्याला बुटकं करायचं, यात नुकसान नायिकेचं होतं.

नवा विद्याधर पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, वेळेवर येणारा, ऐकून घेणारा. निरोप आला नाही त्याचं कारण खरं: आई दवाखान्यात होती. तो हसवतो, पण स्वतःच्या काटेकोरपणामुळे. वहीत प्रश्न लिहून आणतो आणि विचारून झाले की टिक करतो. सुमेधा नकार देते तो प्रवेश तीन पानांचा झाला, आधी पाऊण पान होता. शेवटी तो वही मिटतो आणि म्हणतो, “एक प्रश्न राहिला होता. पण त्याचं उत्तर मला समोर दिसतंय.” वाचनात इथे ‘ह’ पडला. याचा उलटा फायदा सुमेधाला: चांगल्या माणसाला दुखवताना तिलाही लागतं, आणि ती मनापासून निवड करतेय हे पटतं.

१८ जून: माफी

अनिरुद्धचं दोन पानांचं माफीचं भाषण होतं. त्यात तो आपण किती तळमळलो ते सांगतो. म्हणजे माफी मागता मागता स्वतःचीच वकिली. अर्धं पान केलं तरी तेच, कारण तिसऱ्या वाक्यात ‘पण’ येत होता. ‘पण’ काढल्यावर भाषण राहिलंच नाही.

आता तो येतो, रांगेत बसतो. नंबर आल्यावर नोंदणी फीचे पाचशे रुपये ठेवतो आणि नवा फॉर्म मागतो. आधीच्या फॉर्मवर नाव त्याचं होतं आणि बाकी मजकूर अप्पांचा. हा पहिल्यांदाच सगळा त्याचा. भरून देतो, पावती घेतो, जायला निघतो. सुमेधा ‘इतर माहिती’ हा रकाना मोठ्यानं वाचते. त्यात तीन तारखा आहेत, आणि प्रत्येकीपुढे एकच वाक्य: या दिवशी सांगता आलं असतं, सांगितलं नाही.

त्याला एकही सबब दिलेली नाही. अप्पांचं कारण प्रेक्षकाला ठाऊक आहे, सुमेधाला नाही, आणि तो ते वापरत नाही. प्रेक्षकाला ओरडून तिला सांगावंसं वाटतं. मग ते अप्पा सांगतात, सगळ्यांसमोर, मावशीसमोर, स्वतःची पत पणाला लावून. माफ करायचं की नाही हे सुमेधावरच सोडलंय. प्रेक्षकानं तिच्याआधी माफ केलेलं असेल तर ती लगेच विरघळायची गरज नसते. उलट तिनं एक पानभर ताणलं तर ते गोड लागतं.

२ जुलै: तालमीत काय बिघडतं

पेन्सिलीचा प्रवेश बाराव्या रांगेतून दिसतच नव्हता. हात हलतो एवढंच कळतं, पुढची रांग सोडल्यास वय खोडलंय हे कोणालाच समजलं नाही. स्पॉट देऊनही फरक पडला नाही. उपाय संहितेत केला: पान ५ वर गोविंदकाका कार्डं लावताना विचारतात, “ताई, ह्या एका कार्डावर वय पेन्सिलीनं का?” ती कार्ड हिसकावून खणात टाकते, “ते जुनं आहे.” हशा मिळतो. पान ८ वर मग खोडरबर हातात घेतला तरी शेवटच्या रांगेला कळतं.

चष्म्याच्या प्रवेशात नट प्रत्येक वाक्याला काकांकडे बघून गोड हसत होता. कृती आपोआप भलेपणाचं प्रदर्शन झाली. सूचना अशी दिली की नजर स्क्रूवरच ठेवायची, आणि मधे एकदा स्क्रू खाली पडून शोधायचा.

वरमाईच्या हशात पुढचं वाक्य खाल्लं जातं. ते वाक्य हरवलं तरी चालेल असं ठेवलंय, माहितीचं वाक्य हशाच्या पाठीवर ठेवू नये. मात्र पहिल्या अंकाच्या शेवटच्या ‘हो’आधी अप्पांचं आतलं हसू पूर्ण संपू द्यायचं. दोन तालमींत नटानं हसण्यावरच ‘हो’ टाकला आणि कारण आणि उत्तर यांचा संबंधच तुटला.

९ जुलै: खर्च आणि वेळ

झेरॉक्स ८२ पानं, ९ प्रती, दोन रुपयांनी १,४७६. बदललेली ५६ पानं गुलाबी कागदावर, ९ प्रती, अडीच रुपयांनी १,२६०. वर्गाचं भाडं दोन वाचनांचं ८००. चहा-वडे ९००. एकूण ४,४३६ रुपये. गुलाबी कागदाचे पैसे वसूल होतात, तालमीत कोणाकडे जुनं पान आहे ते लगेच दिसतं.

वेळ सगळ्यात जास्त गेला तो पहिल्या अंकातले विनोद घासण्यात, आणि त्यांतले बरेच नंतर प्रवेशांसकट गेले. आधी कोणाला काय, कोणत्या पानावर कळतं हे पक्कं करा. विनोद त्यानंतर.

१६ जुलै: रंगीत तालीम

चालू प्रयोगात पुन्हा त्याच खुणा केल्या. पान ८ वर शांतता, हवी तशी. ‘गुडघे’ला टाळी. मध्यंतराच्या ‘हो’वर कोणी हसलं नाही, पहिल्या रांगेतून “अरे बाबा, सांग ना!” असा आवाज आला. विद्याधर वही मिटतो तिथे एक शून्य: नट वाक्य बोलून फार लवकर वळला. त्याला दारापर्यंत चालू दिलं, वही मागे टेबलावर राहते आणि गोविंदकाका ती द्यायला धावतात.

एक गोष्ट अजून सुटायची आहे. अप्पा-मावशीचा शेवटचा प्रवेश इतका आवडतोय की सुमेधा-अनिरुद्धचा त्यानंतर येणारा प्रवेश फिका पडतो. दोन्हींचा क्रम उलटा करून बघणार. ठरला की स्वच्छ प्रत काढून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाईल. प्रमाणपत्र सादर केलेल्या मजकुरालाच लागू असतं, त्यामुळे क्रमाचा घोळ प्रत पाठवण्याआधीच मिटवायचाय.